विमान कोणाकडे होतं?

सुहास,

सिडनीच्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर तीनशे शब्द लिहून द्या, असा मेसेज आला. सोबत फोटो, जन्मगाव, शिक्षण, स्वभाव वगैरे. मी लॅपटॉप उघडला आणि ‘कायम हसतमुख असलेला आमचा सुहास’ एवढं टाइप करून थांबलो. कायम हसतमुख? सकाळचा चहा पोटात जाईपर्यंत तुझ्याशी बोलायची कोणाची टाप होती का? टूनगॅबीच्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आपण पाच जण राहायचो, आणि तुझा कप रिकामा होईपर्यंत आम्ही चौघं कुजबुजत बोलायचो. ते वाक्य खोडलं. तीनशे शब्द दुसरा कोणीतरी लिहील. मला तुझ्याशी एकाच गोष्टीबद्दल बोलायचंय. तीच गोष्ट तू मला चौदा वर्षं विचारत होतास.

तुला जाऊन आज एकवीस दिवस झाले. परवा पॅरामॅटाला सिग्नलवर उभा होतो. पुढच्या गाडीतल्या माणसाने आळस देताना दोन्ही हात वर केले. मला पाठमोरा दिसत होता, मान आणि दोन हात, बस. सिग्नल हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, आणि माझा पाय ब्रेकवरून हलेना. शेजारी बसलेली माझी लेक म्हणाली, “बाबा, इट्स ग्रीन. बाबा!” तिला काय सांगू? की सुहासकाकाने विमान माझ्याकडे दिलंय आणि मला ते घेववत नाहीये?

मुळात हे सगळं सुरू केलंस तू. मला खाली जमिनीवर काही कमी नव्हतं.

ते दिवसच तसले होते. व्हिसाची दारं उघडली होती आणि आपण सगळे लोंढ्यासारखे आलो होतो. व्हिसाचे पॉइंट मिळवून देईल तो कोर्स. शेफचा कोर्स करणारे घरी मॅगी करून खायचे. मी अकाउंटिंग करत होतो कारण कोणीतरी सांगितलं होतं की अकाउंटिंगला पीआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, लवकर मिळते. तू माझ्या दोन वर्षं आधी आलेला, इंजिनिअरिंगची मास्टर्स उरकत आलेला, आणि शनिवार-रविवार हार्डवेअरच्या दुकानात रंगाचे डबे हलवणारा. त्या दुकानाच्या दाराशी नोटीसबोर्ड होता. गवत कापून मिळेल, मांजर हरवली आहे, जुना सोफा फुकट न्या. त्यात एक हाताने लिहिलेलं कार्ड: एअर फोर्सच्या जुन्या ट्रेनर विमानात उडायला शिका, शिकवणारा शांत आहे, टाइमपास करणाऱ्यांनी फोन करू नये.

ते कार्ड तू चक्क काढून घरी घेऊन आलास. “अरे, हे बाकीच्यांनी वाचू नये म्हणून,” म्हणालास. जसं काही सगळं वेंटवर्थव्हिल उद्या रांग लावणार होतं.

मला तेव्हा कळलं की तू धानोरीचा म्हणजे नक्की कुठला. लोहगावच्या हवाई तळावरची विमानं डोक्यावरून गेली की तुमच्या घरात टीव्ही ऐकू यायचा नाही. सगळे वैतागायचे आणि तू गच्चीवर पळायचास. एअर फोर्सची परीक्षा दोनदा दिलीस, दोन्ही वेळा चष्म्याने घात केला. हे सांगताना तू चष्मा काढून पुसत होतास आणि माझ्याकडे बघत नव्हतास. म्हणून मी म्हणालो, “चल, बघून येऊ.” तेवढंच. बघून येऊ.

ट्रेन, मग बस, मग उन्हातून अर्धा तास चालत. गवताची धावपट्टी, पत्र्याचं हँगर, आणि आत ती. पिवळी, दोन सीटांची, एकामागे एक, नाक वर करून बसलेली. आपल्या वडिलांच्या वयाचं विमान. बॅरी तिला ‘ओल्ड गर्ल’ म्हणायचा, आपण परतीच्या बसमध्येच तिचं नाव मावशी ठेवलं. बॅरी तेव्हा साठीचा असेल, हातात कायम एक चिंधी. त्याने आपल्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “पुसता येतं का?” पूर्ण फी आपल्याला झेपणारी नव्हती हे त्याला आपल्या बुटांवरूनच कळलं असावं. शनिवारी येऊन हँगर झाडायचं, विमान पुसायचं, आणि त्या बदल्यात तो थोडं थोडं शिकवणार, असं ठरलं.

मावशी तेल गाळायची. दर वेळी खाली आली की आपण दोघं तिच्या पोटाखाली पाठीवर झोपून चिंध्यांनी पुसत बसायचो. तू एकदा काळजीने विचारलंस, एवढं गळतंय, चालेल ना? बॅरी म्हणाला, “गळतंय तोवर आत आहे. गळायचं थांबलं की सांग.” केवढा हसला होतास तू! तोंडावर थेंब पडला तरी हसत होतास.

आणि मग त्याचा तो नियम. तुला पाठ होता, मलाही आहे, पण आज लिहूनच काढतो.

त्या विमानात पुढच्याला मागचा दिसत नाही. मागच्याला पुढच्याची मान दिसते, डोकं दिसतं, चेहरा नाही. दोघांकडे विमान चालवायची एकेक दांडी, म्हणजे स्टिक, आणि दोन्ही एकमेकींना जोडलेल्या. म्हणून देणाऱ्याने ‘हँडिंग ओव्हर’ म्हणायचं आणि दोन्ही हात वर करून दाखवायचे. घेणाऱ्याने ‘टेकिंग ओव्हर’ म्हणायचं आणि स्टिक डावी-उजवीकडे हलवायची, म्हणजे देणाऱ्याला आपल्या गुडघ्यांमधली स्टिक हललेली कळते. सोडायचं असेल तर पुन्हा तेच, पहिल्यापासून. बॅरी म्हणायचा, विमान वाईट माणसाच्या हातात असलेलं चालेल, पण ते कोणाच्याच हातात नाही असा क्षण येता कामा नये.

एका शनिवारी तू डब्यात सात बटाटेवडे आणले होतेस. आपण तिघांनी खाल्ले आणि नेहमीप्रमाणे एक उरला. तू म्हणालास, “घे रे.” मी म्हणालो, “नको, तू घे.” “अरे मी दोन खाल्ले.” “मी पण दोन खाल्ले.” “मग काय झालं, घे.” तो वडा थंड होत पडला. बॅरी डोळे बारीक करून बघत होता. शेवटी त्याने तो उचलला, खाल्ला, हात पुसले आणि म्हणाला, “तुम्ही दोघं माझं विमान याच पद्धतीने जमिनीत घालाल.”

आपण पोट धरधरून हसलो. भीड ही भिकेची बहीण, असं माझी आई म्हणायची. बॅरीला मराठी येत नव्हतं, पण आपला रोग त्याने बरोबर ओळखला होता.

तुझं लायसन्स झालं. माझे जेमतेम आठ धडे झाले होते. त्या थंडीतल्या एका दुपारी बॅरीने पहिल्यांदा तुला मला घेऊन जायची परवानगी दिली, आणि माझ्याकडे बोट रोखून बजावलं, “तू पॅसेंजर आहेस. हात मांडीवर.” तू पुढे, मी मागे. तुझ्या मनगटाला गणपतीचा लाल दोरा होता, रंग उडालेला. कानटोपीखाली मान. वर गेल्यावर, सगळं स्वच्छ, निळं, खाली कुरणं आणि मेंढ्या. हेडसेटमध्ये तुझा आवाज आला, “पंक्या, घे.”

“अरे, बॅरी म्हणाला...”

“बॅरी खाली आहे. घे रे, किती भाव खातोस!”

आणि तू दोन्ही हात वर केलेस. काचेच्या छताला टेकवलेस. लाल दोरा मला स्पष्ट दिसत होता.

“घेतलं,” मी म्हणालो. स्टिक डावीकडे हलवली, उजवीकडे हलवली. तू हसलास, ते मी ऐकलं.

सुहास, हे मी घेतलं होतं. मी घेतलं होतं. चौदा वर्षांत हे एक वाक्य मला बोलता आलं नाही, आणि आता बघ, किती सोपं आहे. तीन शब्द.

एखाद मिनिट मी उडवली मावशी. दोन मिनिटं असतील. तेवढा आनंद मला नंतर लेक झाली तेव्हाच झाला. मग स्टिक माझ्या हातात थरथरली, बारीकशी. हवाच होती ती, दुसरं काय असणार? पण मला वाटलं तू मागतोयस. उड्डाण तुझं, लायसन्स तुझं, दिवस तुझा, आपण किती वेळ धरून बसायचं? आणि मी सोडलं. तोंडातून शब्द काढला नाही, स्टिक हलवली नाही, पहिल्यापासून काहीच केलं नाही. वडा ताटात ठेवावा तसं ठेवून दिलं.

डावीकडे धरणाचं पाणी चमकत होतं. “ते बघ,” म्हणालास. मी बघितलं. तुझ्या ताईच्या लग्नाचं बोलत होतास, हॉल मिळत नाहीये म्हणून. मी हं हं करत होतो. मावशीने हळूच पंख झुकवला, हळूच नाक खाली केलं, इतकं हळूच की कोणाच्या लक्षात येऊ नये. वाऱ्याचा आवाज वाढला. तू म्हणालास, “पंक्या, जरा जास्तच खाली नेतोयस.”

मला वाटलं तू थट्टा करतोयस. मी म्हणालो, “मी?”

मग तू ओरडलास, “अरे, कोण उडवतंय?” आणि जे ओढलंस! मेंढ्या चहूकडे पांगत होत्या. एक कुंपणापाशी आडवी पडली, तिचं तोंड मला दिसलं. इतके खाली होतो आपण.

उतरलो तेव्हा बॅरी फाटकापाशी उभा होता. शेतकऱ्याने फोन केला होता. बॅरी ओरडला नाही, ते ओरडणं परवडलं असतं. त्याने एकच विचारलं, “विमान कोणाकडे होतं?”

तू माझ्याकडे पाहिलंस. मी माझ्या हाताला लागलेलं तेल बघत होतो.

तू म्हणालास, “कॅप्टन मी होतो. चूक माझी.”

“कॅप्टन कोण ते मी विचारलं नाही,” बॅरी म्हणाला. “विमान कोणाकडे होतं?”

मी हाताचं तेल पँटला पुसत राहिलो. माझे पीआरचे कागद आदल्याच आठवड्यात गेले होते. लायसन्स नसताना विमान चालवलं, अशी एक ओळ जरी कुठे माझ्या नावापुढे लागली तर? त्या दिवसांत पोलिसाची गाडी दिसली तरी आपण उगाच सरळ चालायला लागायचो, आठवतं? बाबांनी घर गहाण ठेवून पाठवलं होतं. ही सगळी कारणं खरी आहेत. आणि तरी ती कारणं आहेत.

बॅरीने तुझ्या हातातून किल्ली घेतली. “विमान कोणाकडे होतं हे ज्यांना सांगता येत नाही, त्यांच्याकडे माझं विमान असणार नाही,” म्हणाला, आणि हँगरचं दार ओढून घेतलं.

परतीच्या ट्रेनमध्ये तू पहिल्यांदा विचारलंस. “पंक्या, तू घेतलं होतंस ना?”

“आठवत नाही रे,” मी म्हणालो.

‘नाही’ म्हणालो असतो तर ते सरळ खोटं झालं असतं, तू भांडला असतास, मी कबूल केलं असतं, संपलं असतं. ‘आठवत नाही’शी भांडता येत नाही. भेकड माणसाचं खोटं आहे ते.

मग माझ्या लग्नात, हॉलच्या मागच्या जिन्यावर. “घेतलं होतंस ना?” लेकीच्या बारशाला, पाळण्याची दोरी हातात असताना. तू देशाच्या दुसऱ्या टोकाला, कालगुर्लीला, खाणीत नोकरीला लागलास तिथून फोनवर, कधी वाढदिवसाला, कधी उगीच. “एकदाच सांग रे, मी काही मनात ठेवणार नाही.” प्रत्येक वेळी मी म्हणालो, आठवत नाही. पीआर मिळून वर्षं झाली, पासपोर्टवर कांगारू आला, तरी आठवत नाही. भीती केव्हाच गेली होती. पण इथंच घोडं पेंड खातं. पहिल्या दिवशी न बोललेलं दहाव्या वर्षी कसं बोलायचं? तेव्हा मग दोन गोष्टी कबूल कराव्या लागतात.

आणि हळूहळू तुझा प्रश्न बदलला, हे मला कळत होतं. “पंक्या, मी तुला दिलं तरी होतं का रे? की मला नुसतं वाटतंय?” मग तू सांगायला लागलास, की तू गॅस तीन-तीनदा तपासतोस. निम्म्या रस्त्यातून परत जाऊन दार बघतोस. मुलं झाल्यावर गाडी चालवायचीच सोडलीस. कालगुर्लीसारख्या ठिकाणी, जिथे पाव आणायला पण गाडी लागते! सगळं ड्रायव्हिंग तुझ्या बायकोकडे, वृंदाकडे. कामावरून आल्यावर पण तीच. तू म्हणालास, “मला भीती वाटते. मी मध्येच सुटतो बहुतेक. हातात असतं आणि मला कळत नाही की माझ्याच हातात आहे.”

फोनवर तुझा श्वास ऐकू येत होता. मी म्हणालो, “डॉक्टरला दाखव.” डॉक्टरला! औषध माझ्या खिशात होतं, सुहास. माझी मला शिसारी येते.

जायच्या आठ दिवस आधी तुझा फोन आला. आवाज हलका होता. म्हणालास, “बॅरी मावशीला विकतोय. गुडघे गेले म्हणतो. ईस्टरला मी येतोय सिडनीला. एकदा शेवटचं वर जाऊ या, तो नेणार आहे एकेकाला. तू पुढे बस यावेळी.”

“बघू,” मी म्हणालो. “शिफ्ट बघावी लागेल.”

“बघ, बघ. तू शिफ्टच बघ,” म्हणालास आणि हसलास. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की चौदा वर्षांत पहिल्यांदा तू ते विचारलं नाहीस. मला बरं वाटलं, खरं सांगतो. सुंठेवाचून खोकला गेला, असं वाटलं.

मग वृंदाचा फोन. सकाळी चहा टाकला होतास आणि ओट्यापाशीच खाली बसलास, ते परत उठलाच नाहीस. तो कपही प्यायचा राहूनच गेला.

मी आलो होतो. पर्थहून छोट्या विमानाने, लाल मातीवरून. भटजी व्हिडिओवर होते, नेट जात होतं, मंत्र अर्ध्यात अडकत होते. तू असतास तर मांडीला चिमटे काढून मला हसवलं असतंस. वृंदा फार धीराने उभी होती. सगळे गेल्यावर ती म्हणाली, “एक सांगू पंकज? शेवटचा दीड महिना खूप चांगला गेला. परत गाडी चालवायला लागला होता. मुलांना घेऊन गेला, एकटा, तीन तास लांब, तळ्यावर. मी विचारलं, अचानक काय झालं? तर म्हणे, काही नाही, एक जुनी गोष्ट मिळाली.”

मी तिला विचारलं नाही कुठली गोष्ट. मला वाटलं खरंच एखादी वस्तू असेल.

गेल्या शनिवारी बॅरीकडे गेलो. चौदा वर्षांनी. रस्ता रुंद झालाय, हँगर तेच. बॅरी वाकलाय, चिंधी तीच असावी. मावशीच्या पोटाखाली पत्र्याचा ट्रे ठेवलेला, त्यात तेल ठिबकत होतं. तू गेल्याचं त्याला वृंदाने कळवलं होतं. आम्ही दोघं तिच्या पंखाला टेकून उभे राहिलो. मग मी म्हणालो, “त्या दिवशी विमान माझ्याकडे होतं. त्याने नीट दिलं होतं, मी घेतलं होतं, आणि मग न सांगता सोडलं.”

बॅरी म्हणाला, “माहीत आहे.”

“तुला कोणी सांगितलं?” मी विचारलं.

तू त्याच संध्याकाळी त्याला फोन केला होतास. नीट सगळं सांगितलं होतंस. की दोन्ही हात वर केले, त्याने घेतलं म्हटलं, स्टिक हललेली मला कळली. आणि पुढे, “पण त्याचं नाव कुठे लिहू नकोस, त्याचे कागद गेलेत.” बॅरी म्हणाला, “फाटकापाशी तुम्ही दोघं एकदम बोलला असतात तर मी महिनाभर झाडू मारायला लावला असता आणि किल्ली परत दिली असती.”

म्हणजे तुला माहीत होतं. ट्रेनमध्ये माझ्या शेजारी बसून विचारलंस तेव्हा, जिन्यावर विचारलंस तेव्हा, तू उत्तर मागत नव्हतासच. ताट माझ्यापुढे सरकवत होतास. घे रे. आणि मी नको नको करत बसलो. वर्षानुवर्षं इतकं नको नको केलं की शेवटी तुलाच वाटायला लागलं, ताटात काही होतं तरी का.

“दोन महिन्यांपूर्वी त्याचा फोन आला,” बॅरी सांगत होता. “म्हणाला, त्या संध्याकाळी मी तुला काय सांगितलं होतं ते तुला आठवतं का? मला आता खात्री वाटत नाही. मी म्हटलं, शब्द न् शब्द आठवतो. तू दिलंस, त्याने घेतलं, स्टिक हलली. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाला, गुड. दॅट्स गुड, बॅरी.”

एक जुनी गोष्ट मिळाली. ती तुला बॅरीने दिली. माझ्याकडे होती, आणि तुला ती एका सत्तरी ओलांडलेल्या परक्या माणसाकडे जाऊन मागावी लागली. आणि ती मिळाल्यावर तू मला फोन करून काय केलंस? शिव्या घातल्यास? तू म्हणालास, तू पुढे बस यावेळी.

मला राग येतो तुझा. खरंच येतो. एकदा तरी कॉलर धरायची होतीस माझी. तुझ्या या चांगुलपणाचं मी काय करू आता? तूही भिडस्तच, लेका. तीन आठवडे, फक्त तीन आठवडे थांबला असतास तर ईस्टर होता, मी तुझ्यासमोर बोललो असतो. बोललो असतो का? तुला खोटं सांगणार नाही आता. माहीत नाही.

बॅरीने हेडसेट माझ्याकडे फेकला. “चल,” म्हणाला. “पुढच्या आठवड्यात ती जातेय.” मी सवयीने मागच्या सीटकडे निघालो. तो म्हणाला, “तिथे मी. तू पुढे.”

तुझ्या जागेवरून किती वेगळं दिसतं रे! समोर सगळं आभाळ, आणि मागे काय आहे ते काहीच कळत नाही. पाठीमागे कोणीतरी आहे एवढंच. त्या दिवशी तू माझ्या भरवशावर असा बसला होतास, हात वर करून.

वर गेल्यावर कानात आवाज आला, “हँडिंग ओव्हर.”

“टेकिंग ओव्हर.” डावीकडे, उजवीकडे.

खाली तीच कुरणं. धरणात पाणी कमी आहे यंदा. मी सरळ चाललो होतो, फार घट्ट धरून, बॅरीने सांगितलेलं सगळं विसरून. आणि मग स्टिक थरथरली. बारीकशी. तीच.

बोटं आपोआप सैल झाली, चौदा वर्षांची सवय. मी विचारलं, “बॅरी, तू धरलंयस?”

“दोन्ही हात डोक्यावर आहेत, मेट. हवा आहे.”

असेल. मला मागचं दिसत नव्हतं. पुन्हा थरथरली, जरा जास्त, कोणीतरी मागतंय अशी, किंवा कोणीतरी विचारतंय अशी. मी बोटं आवळली.

“माझ्याकडे आहे, सुहास,” मी म्हणालो. मोठ्यांदा, मराठीत. “त्या दिवशीही माझ्याकडेच होतं.”

मी धरून ठेवलं.